रोटरी, लायन्स, जायंट्स: क्लबात जाण्याआधी आणि गेल्यावर

तुम्हाला कुणीतरी विचारलंय. बहुतेक दुकानात, नाहीतर मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला. "अहो, तुमच्यासारखी माणसं हवीत आम्हाला क्लबात. गुरुवारी या एकदा." तुम्ही "बघू" म्हणालात, आणि घरी आल्यावर बायकोने विचारलं, "म्हणजे नक्की करतात काय ही लोकं? जेवणं?"

हे समाजसेवेचे क्लब, पण जेवणंही करतात. ते आधीच सांगून टाकतो.

माझं तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागे मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. चौदा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक मला असंच ओढून घेऊन गेलं. तेव्हापासून बरेच नवीन लोक आले, काही टिकले, काही वर्षाच्या आत गेले. नवीन माणूस हमखास विचारतो, "फायदा काय?" आणि जुने मेंबर हमखास "आत्मिक समाधान" असं उत्तर देतात. त्याने कुणाला काहीही कळत नाही. फायदे आहेत आणि अगदी बोटावर मोजून दाखवता येतील असे आहेत. पण वर्गणी भरली म्हणून ते मिळत नाहीत. एखादं बारीक, कंटाळवाणं काम अंगावर घेतलं की मग मिळायला लागतात. ते काम कसं शोधायचं आणि तोपर्यंत कुठे सांभाळून राहायचं, हे क्रमाने सांगतो.

१. कशाला जायचंय, ते स्वतःशी खरं बोला

कुणी ओळखी वाढवायला जातं. कुणाची नुकतीच बदली झालेली असते आणि गावात बोलायला माणूस नसतो. कुणाला माईक हातात हवा असतो. कुणाला धंदा वाढवायचा असतो. यातलं काहीही लपवण्यासारखं नाही. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना गोळा करून रोटरी काढली, ती समाजसेवेसाठी नव्हतीच. छोट्या गावात वाढलेल्या या माणसाला मोठ्या शहरात दोस्त हवे होते. सभा आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात व्हायच्या, म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला मेंबर एकमेकांना धंदाही द्यायचे. सेवा मागाहून आली, आणि या शिकागो क्लबने हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम काय होतं, तर शहरात सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून पाठपुरावा. मला ही गोष्ट फार आवडते. आमच्याकडे कुणी "हे काम आपल्या लेव्हलचं नाही" म्हणालं की मी ती ऐकवतो.

फक्त एवढं ठरवून जा, की धंदा हे एकच कारण असेल तर निराशा होईल. पहिल्या वर्षी मला क्लबातून एक रुपयाचं काम मिळालं नाही. उलट दोघांनी "क्लबातलाच आहेस, मजुरी कशाला घेतोस" म्हणून फुकट मोटारी भरून नेल्या. त्यानंतर मी नियम केला: क्लबच्या कामाला मजुरी नाही, मेंबरच्या घरच्या कामाला पूर्ण बिल. तुमचा जो काही व्यवसाय असेल, त्यात असा नियम पहिल्याच महिन्यात करा आणि हसत हसत सांगून टाका. दुसऱ्या वर्षी सांगितलं तर ते भांडण होतं.

२. कुठला क्लब?

नावाला फार महत्त्व देऊ नका. रोटरीचं सांगितलंच. लायन्स १९१७ चं, तेही शिकागोचंच, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने सुरू केलेलं. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं, म्हणून आजही लायन्स म्हटलं की डोळ्यांची शिबिरं आलीच. भारतात लायन्स १९५६ ला मुंबईतून सुरू झालं. जायंट्स मात्र आपल्या घरचं: १९७२ मध्ये नाना चुडासामांनी मुंबईत काढलं. चाळिशीच्या आत असाल आणि भाषण, नेतृत्व असल्या प्रशिक्षणाची हौस असेल तर जेसीज बघा. कॉलेजातल्या पोरांसाठी रोटरॅक्ट आणि लिओ आहेत. बायकांसाठी इनरव्हील आहे, पण रोटरी आणि लायन्समध्येही १९८० च्या दशकाअखेरीपासून बायका पूर्ण मेंबर होऊ शकतात. कुणी "बायकांनी इनरव्हीलमध्येच जायचं असतं" असं सांगितलं, तर तो क्लब कसा आहे ते तुम्हाला तिथेच कळलं.

खरा फरक गावागणिक असतो. एका गावात रोटरी झोपलेली आणि जायंट्स धावत असते, शेजारच्या गावात नेमकं उलटं. म्हणून तिसरी पायरी.

३. तीनदा पाहुणे म्हणून जा

एकदा जाऊन कळत नाही. पहिल्या वेळी तुम्हाला पुढे बसवतील, गुलाब देतील. तिसऱ्या वेळी कुणी लक्ष देत नाही आणि तेव्हा क्लब खरा दिसतो.

बघायचं काय? सभा साडेसातची असेल तर घंटा किती वाजता होते. चाळिशीच्या आतले किती आहेत. अध्यक्ष बोलत असताना मागच्या रांगेतले लोक काय करतायत. सभा संपल्यावर खुर्च्या कोण आवरतं. खुर्च्या जर फक्त हॉलचा वॉचमनच आवरत असेल, तर त्या क्लबात काम कमी आणि सोहळे जास्त, असा माझा अनुभव आहे. एखादा अपवाद असेलही.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: "दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम बघायला मिळेल का?" जुनं काम बघा, नवं नाही. एका शाळेत मी असाच एकदा पंपाच्या कामासाठी गेलो होतो. भिंतीवर वॉटर प्युरिफायर, त्यावर देणाऱ्या क्लबची पितळी पाटी चकचकीत पुसलेली. खाली पोरं शेजारच्या साध्या नळाला ओंजळ लावून पाणी पीत होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फिल्टर संपलाय. कुणाला सांगायचं ते माहीत नाही. अध्यक्ष बदलले ना." मशीन दिलं होतं, वर्षाला फिल्टर कोण बदलणार हे मात्र कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. चांगल्या क्लबात त्याची वही असते. ती वही दाखवणारा क्लब सापडला तर बाकी काही बघू नका.

४. पैशाचं आधी, तोंडावर विचारा

आपल्याला हे विचारायला लाज वाटते. वाटू देऊ नका.

प्रवेश फी एकदाच. वर्गणी वर्षाची, आणि तिचे तीन वाटे असतात: एक आंतरराष्ट्रीय संस्थेला जातो, तो डॉलरमध्ये ठरतो, एक डिस्ट्रिक्टला (म्हणजे आसपासच्या क्लबांच्या विभागाला), उरलेला क्लबकडे राहतो. शिवाय जेवणाचे वेगळे, कॉन्फरन्सचे वेगळे, आणि "ऐच्छिक" या गोड शब्दाखाली येणारं बरंच काही. मी विचारलं तेव्हा मला नऊ हजार सांगितले होते. वर्षअखेर वहीत जमा केलं तर साडेपंधरा निघाले. कुणी फसवलं नव्हतं, मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. तुम्ही असं विचारा: "कुठलंही पद नसलेल्या मेंबरचे गेल्या वर्षी एकूण किती गेले?" आणि खजिनदारालाच विचारा. अध्यक्षांच्या तोंडी आकडा नेहमी थोडा कमीच येतो.

क्लबची वर्गणी म्हणजे देणगी नव्हे, तिच्यावर करसवलत मिळत नाही. बऱ्याच क्लबांचा वेगळा नोंदणीकृत ट्रस्ट असतो. सवलत हवी (ती जुन्या करप्रणालीतच मिळते) तर देणगी त्या ट्रस्टला, त्याला तशी मान्यता आहे ना ते बघून, चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पावती घ्या.

रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं चालतं. अधेमधे आलात तरी चालतं, जानेवारीत आलात तर बहुतेक ठिकाणी अर्धीच वर्गणी घेतात.

५. फॉर्म आणि पिन

यात काही कठीण नाही. एखादा मेंबर तुमचं नाव सुचवतो, बोर्ड मान्यता देतं, मग एका सभेत शपथ आणि कोटाला पिन. त्या दिवसापासून तुमच्या नावाआधी "रो." (रोटेरियन) किंवा "लायन" लागतं. सुरुवातीला हसू येतं, मग सवय होते. एकच सांगणं: नाव सुचवणारा माणूस विचारपूर्वक निवडा. वर्षभर "हा कुणाचा माणूस" हे त्याच्यावरून ठरतं.

६. पहिले सहा महिने: एक टेबल मागून घ्या

नवीन मेंबरला "काय करू" असं विचारलं की "या शिबिराला" एवढंच उत्तर मिळतं. मग तो शिबिराला जातो, हात मागे बांधून उभा राहतो, फोटोत येतो, घरी जातो. असं तीनदा झालं की त्याचा उत्साह संपतो. सोडून जाणारे बहुतेक असेच जातात. म्हणून मोघम विचारू नका. "नोंदणीचं टेबल मला द्या" असं म्हणा.

मला ते टेबल योगायोगाने मिळालं. आमचं मोतीबिंदू शिबिर होतं. सकाळी आठपासून आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची म्हातारी माणसं शाळेच्या व्हरांड्यात बसलेली. वहीत चार रकाने: नाव, गाव, वय, फोन. एक आजी आल्या. फोन? "माझ्याकडं कुठला? नातवाचा लिव." मी लिहिला. तपासणी झाली, अडतीस जण ऑपरेशनसाठी निवडले गेले, आठवड्याने दवाखान्याची गाडी पहाटे सहाला येणार होती. आदल्या दिवशी मी फोन लावायला बसलो. नातू चाकणला, रात्रपाळी करून झोपलेला. दुसरा नंबर मुंबईच्या मुलाचा, तिसऱ्याचा रिचार्ज संपलेला. अकरा जणांपर्यंत निरोपच पोचला नाही. गाडी अकरा सीट रिकाम्या घेऊन गेली. आजीही राहिल्या.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो, आणि खरं सांगतो, चौदा वर्षांतलं क्लबातलं माझं सगळ्यात मोठं काम म्हणजे त्या वहीत मारलेली एक उभी रेघ. पाचवा रकाना: गावातल्या आशाताईंचा किंवा दुकानाचा नंबर. पुढच्या वर्षी दोनच जण राहिले. आजी त्या खेपेला आल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी गाडीशी उभा होतो. माझा आवाज ओळखून त्या जवळ आल्या, नीट निरखलं आणि म्हणाल्या, "काळा हाईस व्हय रं तू? आवाजावरनं गोरा वाटला हुतास."

रक्तदान शिबिराचं टेबलही असंच शिकवतं. दात्याचं वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिने आणि बायकांना चार महिने अंतर. हे पाठ होतंच. जे पाठ होत नाही ते म्हणजे नकार द्यायची रीत. दंडाची बेडकुळी काढून आलेल्या पैलवानाला हिमोग्लोबिन कमी आहे असं चारचौघांत सांगितलं तर तो पुन्हा कधी येत नाही. बाजूला घेऊन सांगा, चहा-बिस्किट द्या, तीन महिन्यांनी फोन करा. शिवाय तारखेचा विचार करा. १५ ऑगस्टला सगळेच शिबिरं घेतात. रक्ताची पिशवी महिना-सव्वा महिनाच टिकते. खरी टंचाई एप्रिल-मे मध्ये, कॉलेजं बंद असताना असते. मे महिन्यात शिबिर घ्या असं सुचवणारा नवीन मेंबर जुन्यांना उकाड्यामुळे आवडत नाही, पण रक्तपेढीला फार आवडतो.

आणखी एक. काही देण्याआधी, काय हवंय ते विचारा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे कपड्यांच्या गाठोड्यांचे ढीग लागले होते, त्यात फाटक्या साड्या आणि लग्नातले कोटसुद्धा. पूर ओसरला तेव्हा घराघरांत गुडघाभर गाळ, आणि लोक मागत होते खराटे, फिनेल, चटया, ताडपत्री. आम्हीही पहिल्या ट्रकात कपडेच पाठवले होते.

७. मग मिळतं काय?

गाव कळतं. हे सगळ्यात मोठं. मी याच गावात जन्मलो, पण स्टँड, बाजार आणि माझी आळी एवढंच माझं गाव होतं. आज मला बारा-पंधरा वाड्यांवरच्या आशाताई नावाने ओळखतात. कुठल्या शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, नगरपरिषदेत अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही, कुठला साहेब सोमवारी भेटतो, हे मला ठाऊक आहे. स्वतःच्या कामातही ते उपयोगी पडतं.

बोलता येतं. नवीन माणसाच्या गळ्यात आभारप्रदर्शन पडतंच. माझ्या पहिल्या आभारात मी प्रमुख पाहुण्यांनाच विसरलो होतो. नावं क्रमाने कागदावर लिहा, माईकवाल्याचं आणि हॉल झाडणाऱ्या मावशींचं नाव आधी विचारून घ्या, दोन मिनिटांत संपवा. असे पाच-सहा आभार झाले की माईकची भीती जाते. बाहेर याच गोष्टीचे क्लासवाले पैसे घेतात.

वेगळ्या धंद्यातले मित्र मिळतात. चाळिशीनंतर नवीन मित्र सहसा होत नाहीत, झाले तर आपल्याच व्यवसायातले. माझी बिलं चुकीची आहेत हे मला क्लबातल्या एका सीएने शिबिरानंतर सतरंजी गुंडाळता गुंडाळता सांगितलं. नोटीस यायच्या आधी सांगितलं, हे महत्त्वाचं. त्याच्या विहिरीवरची मोटार आता मीच बघतो. पूर्ण बिल लावून.

पोरांना दारं उघडतात. रोटरीत तरुणांसाठी नेतृत्व शिबिरं आहेत, परदेशात राहून शिकायची यूथ एक्स्चेंज आहे. त्यासाठी मेंबरचंच पोर असायला हवं असंही नाही, फक्त माहिती वेळेवर कळावी लागते आणि ती क्लबात कळते. बदलीची नोकरी असेल तर नव्या गावी पहिल्याच आठवड्यात तिथल्या क्लबात पाहुणा म्हणून जाता येतं. भाड्याचं घर, गॅस, डॉक्टर, सगळं एका संध्याकाळी सुटतं.

आणि कधीतरी, फार क्वचित, आपण मोठ्या कशाचा तरी तुकडा होतो असं वाटतं. रोटरीने पोलिओचं काम १९८५ ला जगभर हाती घेतलं. आपल्याकडे पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर आरोग्यसेविका असायच्या, शिक्षक असायचे आणि क्लबाचे लोकही. डोस दिला की पोराच्या डाव्या करंगळीला शाईची खूण. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आमच्या क्लबातले एक सर वर्षानुवर्षं त्या बूथवर बसले. ती बातमी आली त्या गुरुवारी सरांनी भाषण केलं नाही, फक्त सगळ्यांना जिलेबी आणली.

८. भानगडी

असतात. पाच वह्या, बारा माणसं आणि एक फ्लेक्स, हा फोटो तुम्हीही पाहिला असेल. पदग्रहणाचा खर्च वर्षातल्या एखाद्या प्रकल्पाहून जास्त होतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज तीस सुप्रभात येतात. मागचे अध्यक्ष आणि पुढचे अध्यक्ष एकमेकांशी बोलत नाहीत. लायन्समध्ये टेल ट्विस्टर नावाचं पदच असतं, पिन विसरलात, उशिरा आलात की तो दंड करतो; ती मजा आहे, मनाला लावून घेऊ नका. काही क्लबांच्या फेलोशिपमध्ये, म्हणजे सभेनंतरच्या जेवणा-गप्पांत, दारूचे ग्लास असतात. नको असेल तर नको म्हणा, दोन वेळा आग्रह होतो, मग कुणी विचारत नाही.

तीन वर्षांच्या आत अध्यक्षपद घेऊ नका. "तुम्हीच हवे" असं म्हणतील तेव्हा समजा की बाकीच्यांनी नाही म्हटलंय. खजिनदार झालात तर त्या दिवसाचं बिल त्या दिवशी घ्या आणि हिशेब दर महिन्याला ग्रुपवर टाका. कुणी वाचत नाही, पण टाका.

घरी आधीच सांगून ठेवा: आठवड्याला एक संध्याकाळ, महिन्याला एक रविवार. त्याहून जास्त जायला लागलं तर बायको बोलायच्या आत स्वतःच एक काम सोडा. मला ते उशिरा कळलं.

क्लब सोडावासा वाटला तर नुसतं यायचं बंद करू नका. जून किंवा डिसेंबर संपायच्या आत सेक्रेटरीला लेखी कळवा, कारण रोटरी-लायन्समध्ये १ जुलै आणि १ जानेवारीला जेवढी नावं पटावर असतील तेवढ्यांचे पैसे क्लबला वरच्या संस्थेकडे भरावे लागतात. आमच्याकडचे दोघं असे रीतसर सोडून गेले. शिबिराच्या दिवशी मात्र सकाळी सातला टेबलं मांडायला दोघंही हजर असतात. त्यांना पुन्हा मेंबर करून वर्गणी घ्यायची का, यावर बोर्डात दरवर्षी चर्चा निघते आणि चहा आला की थांबते.